चाकांच्या मधली जागा

एका बसमध्ये दोन माणसं नोकरीला असतात आणि कौतुक मात्र एकाचंच होतं. गाडी वेळेवर पोचली की उतारू जाता जाता पुढच्या काचेकडे बघून हात हलवतात. उशीर झाला की माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतात. मी कंडक्टर. पुढे बसायचे ते वस्ताद. सगळी नोकरी आम्ही एकाच मार्गावर आणि बहुतेक एकाच गाडीवर काढली, आणि मला त्यांचा हेवा वाटला नाही असा एक आठवडाही गेला नसेल. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला साधुसंत समजायला नको.

वस्तादांचा थाटच तसा होता. डेपोत आले की आधी गाडीभोवती एक चक्कर मारणार, प्रत्येक चाकाला बुटाचं टोक लावून बघणार, मग खिशातून स्वतःचं फडकं काढून आरसा पुसणार. सीटवर घरून आणलेली गादी, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी शिवलेली. एकदा बदली ड्रायव्हर त्या गादीवर बसला, तर वस्तादांनी ती घरी नेऊन धुवून आणली. गाडी चालवताना मान मागे वळवायची नाही, हा त्यांचा नियम. मागे आग लागली असती तरी त्यांनी आधी गाडी बाजूला घेतली असती, हँडब्रेक ओढला असता आणि मग वळून विचारलं असतं, कुठे लागली म्हणून.

दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत ते कधी बसायचे नाहीत. लग्नकार्याला जायचं असलं तर स्वतःची मोटरसायकल काढायची, नाहीतर त्या बाजूची ड्यूटी मागून घ्यायची. "आपला जीव आपल्या हातात पाहिजे, मास्तर," असं मला ऐकवायचे. मास्तर म्हणजे मी, डेपोत कंडक्टरला तशीच हाक मारायचे. माझा जीव रोज त्यांच्या हातात असायचा, त्याचं कोणाला काही नव्हतं.

अशा माणसाच्या बायकोला गाडी लागायची. साधीसुधी नाही. डेपोच्या फाटकाबाहेरचं पहिलं वळण झालं की वहिनींचा चेहरा उतरायचा, चढ लागला की ओठ पांढरे पडायचे आणि त्यानंतरचं सांगायला नको. त्यांचं माहेर आमच्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे वर्षातून काही वेळा त्यांना आमच्या गाडीनं यावंच लागायचं. वस्ताद त्यांना मानाची जागा द्यायचे, अगदी आपल्या पाठीमागची. मध्ये पत्र्याचा आडोसा होता, म्हणून ती जागा त्यांच्या आरशात दिसायची नाही. त्याची त्यांना गरजही वाटायची नाही. बायको पाठीशी बसली आहे, एवढं त्यांना पुरायचं.

आता ती मानाची जागा कशी होती ते ऐका. ती पुढच्या चाकाच्या बरोबर डोक्यावर होती. खड्डा आला की पहिला दणका तिथे, आणि इंजिनाची धग आणि डिझेलचा वास फुकट. गाडी कुठे किती उडते ते मी उभ्यानं नोकरी करून शिकलो, माझ्या टाचांना विचारा. सगळ्यात जास्त उडते ती मागे, मग पुढे, आणि सगळ्यात कमी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. पहिल्या खेपेला वहिनींची अवस्था बघून मी त्यांना उचलून, म्हणजे हाताला धरून, मधल्या सीटवर आणून बसवलं. तिथल्या माणसाला म्हटलं, तुम्ही पुढे जा. पुढची जागा मिळते म्हटल्यावर तो खूश. कागदी पिशवीची कड बाहेरून दोनदा दुमडली, म्हणजे तिचं तोंड उघडं राहतं, आणि ती त्यांच्यासमोर धरली. पोट रिकामं झाल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना सांगू नका हं. एवढ्या मानानं बसवतात, वाईट वाटेल त्यांना."

मी मूग गिळून बसलो. पुढे ती रीतच पडली. वहिनी पुढे चढायच्या, वस्तादांच्या मागे बसायच्या, पहिलं वळण झालं की उठून मध्ये यायच्या. शेवटच्या थांब्याच्या आधी रस्ता सपाट झाला की मी पुढची जागा रिकामी करून द्यायचो आणि त्या तोंड पुसून पुन्हा तिथे जाऊन बसायच्या. वस्ताद गाडी थांबवून, ब्रेक ओढून, वळून विचारायचे, "आली ना नीट?" त्या म्हणायच्या, "आले की."

खरी गंमत पुढे आहे. रस्ता मोकळा असला की वस्ताद मान न वळवता मागच्या सीटशी बोलायचे. "बघ गं, नदी आली." "यंदा पाणी कुठवर चढलंय बघ." "ते घर बघ, तू म्हणत होतीस ना, पुढे पायऱ्या हव्यात, तस्सं." आणि मागे बसलेला असायचा कोणी विमा एजंट. तो बिचारा नदी बघायचा आणि "हो, हो" म्हणायचा. इंजिनाच्या आवाजात ते "हो" कोणाचं हे कळायला मार्ग नव्हता. एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. उतरताना मला म्हणाल्या, "तुमचे ड्रायव्हर मला अगं-तुगं करतात." मी म्हटलं, "मॅडम, त्यांचा स्वभावच प्रेमळ आहे."

दुसऱ्या कोणाला हसू आलं असतं. मलाही आलं, पहिल्यांदा. मग मात्र माझ्या पोटात दुखायला लागलं. नदी मलाही दिसायची, पायऱ्यांचं घर मलाही दिसायचं, पण मी ते दाखवणार कोणाला? माझं लग्न जमलं नाही. का ते विचारू नका, आता ती कारणंही जुनी झाली. त्या गाडीत वस्तादांचं बोलणं कान देऊन ऐकणारा मी एकटाच होतो, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. ज्यांच्यासाठी होतं त्या मधल्या सीटवर डोळे गच्च मिटून, नाकाशी लिंबू धरून बसलेल्या असायच्या. इतक्या खेपा करून वहिनींनी त्या रस्त्यावरचं एक झाड पाहिलं नव्हतं. घरी वस्ताद विचारायचे, "नदी पाहिलीस ना?" आणि त्या म्हणायच्या, "पाहिली हो."

आम्ही दोघं निवृत्त झालो. मला पुतण्यानं हातरुमालांचा डबा दिला, तोही त्याला कोणीतरी दिलेला. वस्तादांच्या मुलीनं आईवडिलांना बोटीची सफर दिली. अथांग समुद्र, मधेमधे बेटं, बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं. मुलगी परगावी मोठ्या दवाखान्यात नोकरी करते. तिनं फोनवर बजावलं, "बाबा, केबिन तुम्ही दोघं जाऊन निवडा, आणि आईला विचारून निवडा." डेपोसमोरच्या चहावाल्याकडे वस्तादांनी हे मला इतक्या सहजपणे सांगितलं की माझा चहा कडू झाला. वर म्हणाले, "तूही चल बुकिंगला. जागांचा नकाशा हे तुझं खातं."

गेलो. ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर होतं, तरी वहिनींनी सवयीनं पर्समध्ये लिंबू घेतलं होतं. टेबलापाशी दोनच खुर्च्या होत्या, मी मागच्या स्टुलावर बसलो. टेबलापलीकडच्या मुलीनं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर बोट होती, मजल्यावर मजला, आणि प्रत्येक मजल्यावर खणांची रांग. वस्तादांनी क्षणाचाही विचार केला नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढच्या केबिनवर बोट ठेवलं.

"ही. गॅलरीसकट."

"प्रवासात कोणाला त्रास होतो का?" मुलीनं विचारलं.

"हिला होतो. म्हणूनच ही. समोरचं दिसलं की काही लागत नाही. मला बघा, इतकी वर्षं गाडी मारली, साधी ढेकर आली नाही कधी."

"मग ही नको, काका," मुलगी म्हणाली. "बोटीचं तोंड सगळ्यात जास्त वरखाली होतं. आणि जितकं वर जाल तितका झोका मोठा. त्यांच्यासाठी खालचा मजला घ्या, आणि त्यातही मधोमध."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "वहिनींना मधलीच जागा सोसते. आपल्या गाडीतही त्या चाकांच्या मध्येच बसायच्या."

तोंडातून निघून गेलं. पोटात इतकी वर्षं ठेवलेली गोष्ट, एका नकाशापायी.

वस्तादांनी मान वळवली. पूर्ण मागे, माझ्याकडे. ब्रेक ओढल्याशिवाय त्यांची मान अशी वळलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"कुठे बसायची?"

मी जमिनीकडे बघायला लागलो. वहिनीच म्हणाल्या, "मध्ये बसायचे मी. पहिलं वळण झालं की. पुढे मला फार व्हायचं."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग मी बोलत कोणाशी होतो?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देण्याची ती वेळ नव्हती. मुलगी पाणी आणते म्हणून उठून गेली. वस्ताद पुन्हा पडद्याकडे वळले आणि त्याच वरच्या केबिनवर बोट आपटून म्हणाले, "हीच घ्यायची. मी आहे ना सोबत. मी बघीन काय लागेल ते."

वहिनींनी त्यांचं बोट हातानं बाजूला केलं. मग खालून दुसरा मजला शोधला, त्याच्या मधोमध आल्या आणि एक लहानसा खण दाखवला. "ह्याला खिडकी आहे का?" परत आलेली मुलगी म्हणाली, "आहे, गोल. ताटाएवढी."

"मग ही."

"ते तळघर आहे," वस्ताद म्हणाले.

"असू दे. मी आजवर सगळा प्रवास डोळे मिटून केला. तुम्ही दाखवलेलं काहीच पाहिलं नाही मी. आता एकदा डोळे उघडे ठेवून जायचंय. तिथे जाऊनही पिशवीतच तोंड घालून बसायचं असेल, तर मी घरीच बरी."

तळघराचं बुकिंग झालं.

दुसऱ्या दिवशी चहावाल्याकडे त्यांनी मला गाठलं. चहा सांगितला नाही, सरळ चौकशी सुरू केली.

"पिशवी कोण धरायचं?"

"मी."

"लिंबू?"

"ते त्या घरूनच आणायच्या. मी फक्त कापून द्यायचो."

"तुझ्याशी बोलायची ती?"

"ओकताना कोण बोलतं, वस्ताद?"

"नंतर?"

"नंतर झोपायच्या."

"खांद्यावर?"

"खिडकीवर. मी तिकिटं फाडत होतो, मला खांदा कुठला मोकळा?"

त्यांचा विश्वास बसला नाही असं नाही. बसला, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. माझी बायको, माझी गाडी, आणि तिच्या पोटाची खबर ह्या मास्तरला, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं. "इतकी वर्षं," एवढंच म्हणाले आणि उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. पुढे रोज त्याच बाकावर बसायला लागले, माझ्याकडे पाठ करून.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा वस्तादांना माझा हेवा वाटत होता, आणि मी तो चवीचवीनं खाल्ला. कोणी विचारलं, "तुमचं काय बिनसलं?" तर मी मोठ्यानं म्हणायचो, "काही नाही, वस्तादांना जरा लागली आहे."

वहिनी भाजी घेताना भेटल्या की घरची हकीगत सांगायच्या. वस्तादांनी आलं, लिंबं, गोळ्या, चघळायच्या वड्या असं अर्धं दुकान घरी आणलं होतं. कागदी पिशव्यांचा गठ्ठा आणला होता आणि जेवणं झाली की टेबलाशी बसून एकेका पिशवीची कड दुमडून बघत होते. "ह्या खेपेला पिशवी मीच धरणार म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "मला लागलीच नाही तर हिरमोड होईल हो ह्यांचा." त्या हसत होत्या, पण पर्सवरची मूठ घट्ट होती. डोळे उघडे राहतील की नाही, ह्याची त्यांना अजून खात्री नव्हती.

दोघं निघाले. मी निरोप द्यायला गेलो नाही. मला कोणी बोलावलं नव्हतं.

बोट सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. वहिनी होत्या. म्हटलं, झालं, वहिनींना त्रास झाला असणार.

"भावोजी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांना लागली."

"कोणाला?"

"ह्यांना. बंदर सुटलं तेव्हापासून आडवे आहेत. पाणीसुद्धा टिकत नाही. बोटीवरचे डॉक्टर येऊन गेले, घाबरायचं काही नाही म्हणाले, पण पडून राहा म्हणाले."

मागून बारीक आवाज आला, "त्याला सांगू नकोस."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी ठणठणीत. डोळे उघडे आहेत माझे, भावोजी." आणि मग पुन्हा हळू, "पिशवीची कड दोनदाच दुमडायची ना?"

"दोनदा. बाहेरच्या बाजूनं."

"तशीच केली आहे."

फोन ठेवला आणि मी इतका हसलो की शेजारीण दार उघडून बघून गेली. जन्मात दुसऱ्याच्या गाडीत न बसलेला माणूस. गाडी मारणाऱ्याला ती लागत नाही, हे डेपोतल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं, फक्त वस्तादांना ती आपल्या पोटाची थोरवी वाटत होती. मी हसत हसत चहा टाकला. तो उकळेपर्यंत माझं हसू संपलं होतं. त्या गोल खिडकीच्या खोलीत आत्ता कोण कोणासाठी पिशवी धरून बसलं आहे, ते डोळ्यांसमोर आलं, आणि चहा उतू गेला.

परत आल्यावर वस्ताद थेट माझ्या बाकावर येऊन बसले. गाल बसले होते, पँट कंबरेत सैल झाली होती. दोन चहा सांगितले.

"स्टिअरिंग कोणाच्या हातात होतं?" मी खोचकपणे विचारलं.

"ते दिसलंच नाही रे. तेच तर झालं." त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "निम्मी सफर मी डोळे मिटून पडलेलो. उघडले की खोली फिरायची. ही शेजारी बसून. एका हातात पिशवी, एक हात माझ्या कपाळावर, आणि तोंड खिडकीकडे. बोलत होती सारखी. बघा, बेट आलं. बघा, पाण्याचा रंग बदलला. त्या टेकडीवर घर आहे बघा, पुढे पायऱ्या आहेत. बघा म्हणायची, आणि मला बघता यायचं नाही. मी आपला हो, हो म्हणायचो."

मी त्यांचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"पण ऐकू सगळं आलं, मास्तर. मधे इंजिनाचा आवाज नव्हता." थोडा वेळ ते फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाडीकडे बघत राहिले. पहिलं वळण घेऊन ती दिसेनाशी झाली. "माझ्या मागे बसणारे काय म्हणायचे रे?"

"हो, हो म्हणायचे."

वस्ताद हसले. मग चेहरा जागेवर आला आणि म्हणाले, "एवढं बेट-बिट बघून आली, पण ती नदी तिनं अजून पाहिली नाही. उद्या जातोय आम्ही, सकाळच्या गाडीनं. मधल्या सीटवर. खिडकीशी ती, शेजारी मी. पिशव्या घेतल्यात, कोणालाही लागो." उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला कधीच लागली नाही, ना? सगळी नोकरी उभ्यानं काढलीस."

"कधीच नाही."

"नशीबवान आहेस."

मी हो म्हटलं. खरंच होतं ते. एवढा चढ-उतार, एवढी वळणं, पण माझ्या पोटातलं पाणी कधी हललं नाही. वस्ताद रस्ता ओलांडून घरी गेले. चहावाला दोन्ही कप उचलायला आला, तर माझा भरलेलाच होता. एकदा तरी लागायला हवी होती.